सत्तर टक्के सज्जन

डॉक्टरांनी माझा रक्ताचा रिपोर्ट दोन बोटांत धरला, चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि एका दमात श्रीखंड, जिलबी, गुळाची पोळी आणि आंबा बर्फी यांच्यावर फुली मारली. आंबा बर्फीच्या वेळी माझा चेहरा त्यांना बघवला नसावा. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून म्हणाले, "अगदीच राहवलं नाही, तर डार्क चॉकलेटचा एखादा तुकडा खा. मात्र चांगलं बघून घ्या."

पुण्यात कुणालाही 'चांगलं बघून घ्या' असं सांगू नये. इथला माणूस बघायला लागला की बघतच राहतो, घ्यायचं विसरतो. आमच्याकडे छताचा पंखा 'बघून' घेईपर्यंत दोन उन्हाळे निघून गेले होते. डॉक्टरांच्या मनात दहा ग्रॅमचा तुकडा होता; मी घरी येऊन दोनशे पानी वही काढली आणि रकाने आखले. नाव, गाव, टक्के, वजन, किंमत, दर ग्रॅमला किंमत, शेरा.

बायकोनं वही उलटीसुलटी करून पाहिली. "चॉकलेट आणायला सांगितलंय त्यांनी, स्थळ बघायला नाही."

पण दुकानात गेल्यावर कळलं की वहीत रकाने कमीच पडले होते. एरंडवण्यातल्या एका गल्लीत सेंद्रिय वस्तूंचं दुकान आहे. तिथल्या भाजीला मातीचा वास येतो आणि त्या वासाचे वेगळे पैसे पडतात. तिथे एका अख्ख्या फळीवर चॉकलेटच्या वड्या उभ्या केलेल्या होत्या. मैसूरचं नाविलुना, ऑरोविलचं मेसन अँड कंपनी, कोचीचं पॉल अँड माइक, चेन्नईचं कोकोट्रेट, पोल्लाचीकडचं सॉकलेट, मुंबईचं पास्काती. या फळीवर बी कुठल्या जिल्ह्यातलं, ते किती दिवस आंबवलं, किती भाजलं, दगडी जात्यात किती तास फिरवलं, असा मजकूर वाचायला मिळत होता. आमच्या लग्नात दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून एवढी माहिती दिली नव्हती.

"यातलं स्थानिक कुठलं?" मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"सगळीच लोकल आहेत, काका."

"मैसूर लोकल?"

"बेल्जियमच्या मानानं," ती म्हणाली.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी किंमत पाहिली. साठेक ग्रॅमच्या वडीला तीनशेच्या आसपास. मनातल्या मनात किलोचा भाव काढला. पाच हजार! या पैशात किती किलो बाकरवडी येईल हा हिशोब डोक्यात आपोआप सुरू झाला. तो थांबवण्याची सोय अजून वैद्यकशास्त्रात नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "यात शेतकऱ्याला योग्य भाव मिळतो, काका." आणि तिनं काउंटरवर ठेवलेल्या माहितीपत्रकाकडे बोट केलं. त्यावर बागेत उभा असलेला एक शेतकरी माझ्याकडे बघून हसत होता. घासाघीस करण्याची माझी चाळीस वर्षांची तपश्चर्या त्या हसण्यापुढे गळून पडली. भाजीवालीशी दोन रुपयांवरून भांडता येतं, कारण ती समोर असते आणि तीही भांडते. फोटोशी कसं भांडणार? मी तीन वड्या घेतल्या आणि सज्जन होऊन बाहेर पडलो.

घरी माझा भाचा आलेला होता. भाचा आयटीत आहे. म्हणजे अर्धा दिवस हिंजवडीला असतो आणि उरलेला अर्धा हिंजवडीच्या रस्त्यावर. त्या रस्त्यावर थांबल्या थांबल्या त्यानं फोनवर चॉकलेट चाखण्याचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केलेला आहे. त्याला प्रमाणपत्र मिळालं त्या दिवसापासून त्याच्या आईनं घरी केक करणं बंद केलंय.

"मामा, पहिल्यांदा योग्य निर्णय घेतलास," तो म्हणाला. "पण लोकल म्हणशील तर प्रश्न आहे."

प्रश्न असा, की कोकोचं झाड विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण वीस अंशांच्या पट्ट्यातच रमतं. मी ताबडतोब नकाशा काढला. पुणे साडेअठरा अंशांवर! म्हणजे आपण बसतो! मला भलताच अभिमान वाटला. पण भाच्यानं तो टिकू दिला नाही. या झाडाला वर्षभर दमट हवा लागते, वारा सोसत नाही, ऊन थेट चालत नाही, डोक्यावर कुणाची तरी सावली लागते. म्हणून आपल्या देशात ते आंध्रातल्या गोदावरीच्या काठी, केरळात, कर्नाटकात आणि तमिळनाडूत, नारळाच्या किंवा सुपारीच्या बागेत आश्रिताप्रमाणे वाढतं. थोडक्यात, पुणे अक्षांशात पास आणि हवेत नापास.

"मग मुंबईचं पास्काती लोकल धरू या," मी म्हणालो. "आपल्याच राज्यातलं आहे. सेंद्रियचं आणि फेअरट्रेडचं, दोन्ही प्रमाणपत्रं आहेत म्हणे."

खोलीत शांतता पसरली. मुंबईच्या वस्तूला पुण्यात 'स्थानिक' म्हणायचं, हा विचार आजवर या घरात कुणी उच्चारलेला नव्हता. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "टोल धरून का?"

"सगळ्यात जवळचं हवं असेल तर तळेगावजवळ इंदुरीला कॅडबरीचा कारखाना आहे की," मी म्हणालो. "रविवारी सकाळी स्कूटरवरून जाऊन येता येईल."

भाच्यानं डोळे मिटले. मग उघडले आणि मला समोर बसवून जगाची परिस्थिती समजावली. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथल्या बागांतून लहान मुलं कोयते घेऊन शेंगा तोडतात. ते थांबवू म्हणून 2001 साली अमेरिकेत चॉकलेटच्या बड्या कंपन्यांनी एका करारावर सह्या केल्या, मुदत घेतली 2005 ची. ती पुढे ढकलली, मग आणखी पुढे ढकलली, मग आणखी.

"आपल्या चौकातला पूल त्यांनीच घेतला असेल का रे बांधायला?" मी विचारलं.

"मामा, गंभीर विषय आहे."

होताच. मी गप्प बसलो. पुढे त्यानं सांगितलं की 2024 साली आफ्रिकेतलं पीक पडलं आणि न्यूयॉर्कच्या बाजारात कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. त्यावर बायकोनं एवढंच विचारलं, की मग त्या मुलांना काही जास्त मिळाले का? भाचा म्हणाला, तो अभ्यासक्रमाचा पुढचा भाग आहे, त्याची फी वेगळी आहे.

अखेर ठरलं, की वहीतल्या वहीत निकाल लागणार नाही. रविवारी सकाळी आमच्याकडे तौलनिक चाखणी करायची. भाच्यानं नियम पाठवले. आदल्या रात्री लसूण नाही. सकाळी चहा नाही. कुणी अत्तर लावायचं नाही. दोन वड्यांच्या मध्ये कोमट पाणी. चावायचं नाही, जिभेवर विरघळू द्यायचं. बोलायचं नाही. शेवटचा नियम वाचून मला शंका आली की हा मुलगा पुण्यात वाढलाय का.

मंडळी जमली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर, सोसायटीचे चेअरमन, सदाशिव पेठेतली माझी आत्या आणि फुकट काही मिळत असेल तर सर्वधर्मसमभावानं येणारे दोघंतिघं. चहा न पिता आल्यामुळे प्रत्येकाचा चेहरा मुळातच सत्तर टक्के कडू होता.

दिवस मे महिन्यातले. पारा चाळिशीकडे. कोकोतलं लोणी माणसाच्या अंगाच्या उष्णतेलाच वितळतं, म्हणून तर चॉकलेट जिभेवर विरघळतं. पण मे महिन्यात पुण्याची हवा माणसाच्या अंगापेक्षा तापलेली असल्यानं ते जिभेपर्यंत पोचायची वाट बघत नाही. म्हणून बायकोनं सगळ्या वड्या आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. पहिली उघडली आणि चेअरमननी मागे सरकून रुमाल नाकाला लावला.

"बुरशी आलीय!"

वडीवर पांढुरके डाग होते. भाचा कळवळून सांगत होता की ती बुरशी नव्हे, थंड-गरम झाल्यानं आतलं लोणी वर येतं, खायला निर्धोक असतं. चेअरमनना ते पटेना. पावसाळ्यात सोसायटीच्या भिंतीला अगदी असेच डाग येतात आणि कंत्राटदारही हेच म्हणतो, की काही नाही, आतलं वर येतंय. शेवटी ती वडी आधी मी खावी आणि बाकीच्यांनी दहा मिनिटं माझ्याकडे पाहावं, असं ठरलं. मी खाल्ली. दहा मिनिटं सगळे माझ्याकडे पाहत होते. आयुष्यात एवढं लक्ष माझ्याकडे कुणी कधी दिलं नव्हतं.

मग आवाजाची परीक्षा. चांगली जमलेली वडी मोडताना टक् असा आवाज व्हावा लागतो. भाच्यानं वडी कानाशी धरून मोडली. "ऐकलंत?" मॅनेजरसाहेबांनी कानातलं यंत्र नीट केलं आणि म्हणाले, "पुन्हा मोडा." पुन्हा मोडली. "पुन्हा." यंत्राची बॅटरी बदलून होईपर्यंत त्या वडीचा चुरा झाला होता.

मग वास. इथे मात्र सभेत चैतन्य आलं. वेष्टनावर लिहिलं होतं, 'सुकं अंजीर, मध आणि ओल्या लाकडाच्या छटा.'

"अंजीर कुठलं?" चेअरमननी विचारलं. "पुरंदरचं का?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मग कसं ओळखायचं? पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. नुसतं अंजीर म्हणजे काय?"

पण एकदा अंजीर सापडलं म्हटल्यावर मागे राहायचं कुणी? मॅनेजरसाहेबांना जुन्या लेजरचा वास आला. तोही 1970 पूर्वीच्या, कापडी बांधणीच्या. चेअरमनना सिंहगडाच्या पायथ्याशी पडलेल्या पहिल्या पावसाचा आला. एका गृहस्थांना सुरुवातीला काहीच येईना, तेव्हा ते अपराधी चेहऱ्यानं इकडेतिकडे बघू लागले; मग एकदम उजळले आणि म्हणाले, "मला पण अंजीर!" या सगळ्या वेळात कडू हा शब्द कुणाच्याही तोंडून बाहेर पडला नाही. शेतकऱ्याला योग्य भाव देऊन आणलेल्या वस्तूला कडू म्हणणं म्हणजे शेतकऱ्याला कडू म्हणण्यासारखं होतं.

आत्या मात्र सदाशिव पेठेतली. तिनं तुकडा गालात ठेवला, तोंड घट्ट मिटलं आणि विचारलं, "हे दिवसातून कितीदा घ्यायचं? जेवणाआधी का नंतर?"

तिसऱ्या वडीला भाचा थरारला. त्यानं डोळे मिटून बराच वेळ श्वास आत ओढला. "ही वेगळी आहे. धुराची छटा. खारट शेवट. आणि मागे काहीतरी तिखट, जमिनीखालचं, कंदमुळांसारखं. मातीच बोलतेय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. चेअरमननी वहीत दहापैकी साडेनऊ लिहिले. बायको ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा तिनं वडी हुंगली आणि म्हणाली, "अगंबाई, ही लसणीच्या चटणीच्या डब्याशेजारी होती वाटतं." कोकोचं लोणी शेजारच्या कुठल्याही वासाशी चटकन घरोबा करतं, हे शास्त्र त्या दिवशी आम्हाला स्वखर्चानं कळलं. बनवणाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता, म्हणून वडीचं नाव मी सांगत नाही. पण चेअरमननी साडेनऊ खोडले नाहीत. दिलेले गुण परत घेण्याची सोसायटीत पद्धत नाही.

टक्क्यांचं प्रकरण तर फारच पेटलं. सत्तर टक्के म्हणजे वडीत कोकोचं बी आणि त्याचं लोणी मिळून सत्तर भाग; उरलेली बहुतेक साखर. त्या सत्तरात लोणी जास्त आणि बी कमी असं असू शकतं, त्यामुळे एकाच टक्क्याच्या दोन वड्या चवीला निराळ्या लागतात. हे भाच्यानं चांगलं समजावलं आणि कुणीही ऐकलं नाही. दहावीच्या निकालावर पोसलेल्या समाजाला सत्तर टक्के हे काय सांगता येतं का? मॅनेजरसाहेबांनी सत्तरची वडी बाजूला सारली. "फर्स्ट क्लास आहे, ठीक आहे. पण हुशार कुठली?" मग पंच्याऐंशी आली, मग नव्वद, आणि शेवटी नव्याण्णव टक्क्यांची. ती जिभेवर ठेवल्यावर चौघांच्या डोळ्यांत पाणी आलं. चेअरमन घोगऱ्या आवाजात म्हणाले, "वा." बाकीचे नुसती मान हलवत राहिले, कारण जीभ टाळ्याला चिकटली होती. आपण सहन केलेलं कडूपण इतरांनी पाहिलं याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला वाटतं सज्जनपणाचंही तसंच असतं. घरात एकट्यानं केला तर सत्तर टक्क्यांवर भागतं, चार माणसांत करायचा तर नव्याण्णवच्या खाली उतरता येत नाही.

"आमच्या वेळी साठ्यांचं चॉकलेट मिळायचं," आत्या पाणी पीत म्हणाली. "साठे बिस्किट अँड चॉकलेट कंपनी. इथेच, पुण्यात. गोड असायचं."

"नैतिक होतं का पण?" भाच्यानं विचारलं.

"साठ्यांचं होतं," आत्या म्हणाली. तिच्या दृष्टीनं उत्तर पूर्ण झालं होतं.

याच सुमाराला मॅनेजरसाहेबांनी पिशवीतून एक साधी, कसलंही चित्रबित्र न काढलेली वडी काढली आणि टेबलावर ठेवली. नोकरीतली काही वर्षं ते मंगळूरला होते. ही वडी कॅम्पकोची. कर्नाटक आणि केरळातल्या सुपारीवाल्या शेतकऱ्यांनी 1973 साली मंगळूरला सहकारी संस्था काढली. पुढे कोकोचे भाव पडले, व्यापारी माल उचलेनात, तेव्हा याच संस्थेनं शेतकऱ्यांचा कोको घ्यायला सुरुवात केली आणि 1986 मध्ये पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखाना उभा केला. "म्हणजे यात शेतकऱ्याला योग्य भाव मिळतो का, हा प्रश्नच नाही," साहेब म्हणाले. "कारखानाच त्यांचा आहे."

सभा अस्वस्थ झाली. वडी हातोहात फिरली.

"यावर शेतकऱ्याचा फोटो नाही," चेअरमन म्हणाले.

"शेतकरी हजारो आहेत. फोटो कुणाकुणाचा लावणार?"

"अंजीर लिहिलेलं नाही."

"किंमत काय?" मी विचारलं. साहेबांनी सांगितली. ती ऐकून आमच्यावर जो परिणाम झाला तो नव्याण्णव टक्क्यांच्या वडीनंही झाला नव्हता. एवढ्या स्वस्तात जर नीतिमान होता येत असेल, तर फळीवरून उचललेल्या आमच्या वड्यांचं काय? दोन गृहस्थांनी तर खिशात हात घालून पाकीट चाचपलं.

भाच्यानं तांत्रिक हरकत घेतली की ही मोठ्या कारखान्यातली आहे, हाताची नाही. साहेबांनी विचारलं, सहकारी साखर कारखान्यातली साखर कोण हातानं करतं? आवाज चढले. चेअरमननी हातोड्याऐवजी नव्याण्णव टक्क्यांची वडी टेबलावर आपटली. तेवढ्या कामाला ती उत्तम होती. मग रीतसर सूचना आली, अनुमोदन आलं, आणि हात वर करून मतदान झालं. कॅम्पकोची वडी स्पर्धेत घेऊ नये, कारण तिच्यामुळे तुलना करणं अवघड होतं, असा ठराव बहुमतानं मंजूर झाला. विरोधात दोन मतं. साहेबांचं आणि आत्याचं. आत्यानं तोवर ती अर्धी संपवली होती. सर्वोत्कृष्ट वडी कोणती हा विषय वेळेअभावी उपसमितीकडे गेला, आणि लोकांनी इतका वेळ दाबून ठेवलेला चहा मागितला.

जाताना भाच्याची बॅग सोफ्यावरून पडली आणि तिच्यातून जांभळ्या कागदातलं, आपलं नेहमीचं, दुधाचं, भरपूर साखरेचं चॉकलेट बाहेर आलं. अर्धं खाल्लेलं.

"हे काय रे?"

"संदर्भासाठी आहे, मामा," तो म्हणाला. "तुलना करायला खालची पातळी माहीत लागते."

त्या दिवसानंतर भाच्याच्या मनानं वेगळीच उचल खाल्ली. पुण्यात स्थानिक नाही ना मिळत? मग करू या. त्यानं केरळातल्या इडुक्कीहून आंबवून वाळवलेलं पाच किलो कोकोचं बी मागवलं आणि ते आमच्याकडे आणून टाकलं, कारण त्याच्या भाड्याच्या फ्लॅटचा मालक कडक आहे. आंबवलेल्या बियांना व्हिनेगरसारखा आंबूस दर्प असतो. दुपारपर्यंत तीन शेजारणी येऊन गेल्या. पहिलीनं विचारलं, लोणचं नासलं का. दुसरीनं विचारलं, कुणाचं. तिसरी काही न विचारता नुसती बायकोच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

कढईत बी भाजायला घेतलं आणि तासाभरात वारं फिरलं. अख्ख्या जिन्यात चॉकलेटचा असा काही वास सुटला की चौथ्या मजल्यावरची पोरं दाराशी येऊन बसली. मग टरफलं वेगळी करायची होती. भाच्यानं फोनवर पाहून हेअर ड्रायर लावला. टरफलं बियांना सोडून गॅलरीबाहेर उडाली आणि खालच्या मजल्यावर चेअरमनच्या बायकोनं वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर स्थिरावली. ही टरफलं कुत्र्यांना बाधतात असं कळल्यावर चेअरमननी आपल्या कुत्र्याला दोन दिवस माहेरी, म्हणजे बायकोच्या माहेरी, पाठवलं. शेवटी आत्याला बोलावणं धाडलं. ती सूप घेऊन आली, पदर खोचला आणि पंधरा मिनिटांत सगळं बी पाखडून मोकळी झाली. भाचा बघतच राहिला. "आत्याआजी, याचा परदेशात कोर्स असतो," तो म्हणाला. "फी किती?" आत्यानं विचारलं, आणि तिचे तेवढे मागितले.

आता दळायचं कशात? भाच्यानं इथे एक विलक्षण माहिती दिली. अमेरिकेत छोट्या प्रमाणावर घरगुती चॉकलेट करणाऱ्यांनी सुरुवातीला जी यंत्रं वापरली, ती म्हणजे आपल्याकडचे इडली-डोशाचं पीठ वाटणारे दगडी ग्राइंडर! कोइमतूरच्या ग्राइंडरला तर भौगोलिक मानांकनही आहे. ही बातमी ऐकून मला पुन्हा अभिमान वाटला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या तमिळ मामींना भीती वाटली, कारण ग्राइंडर त्यांच्याकडे होता. "दोन तासांत देतो," भाच्यानं सांगितलं. चॉकलेट मुलायम व्हायला दोन-दोन, तीन-तीन दिवस सलग फिरवावं लागतं, हे त्यानं ग्राइंडर आमच्याकडे आल्यावर सांगितलं.

पहिल्या रात्री आम्ही झोपलो नाही. दुसऱ्या रात्री खालचे झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी मामींनी ग्राइंडर परत नेला, तीनदा धुतला आणि पीठ वाटलं. त्यांच्या इडल्या फिक्या तपकिरी झाल्या. मामींच्या नातवंडांना त्या इतक्या आवडल्या, की आता पांढरी इडली ती पोरं तोंडात घेत नाहीत. मामी आमच्याशी बोलत नाहीत.

शेवटची पायरी चकाकी आणण्याची. वितळलेलं चॉकलेट आधी पन्नासच्या आत गरम करायचं, सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर आणायचं आणि परत एकतीस-बत्तीसला नेऊन ओतायचं. कोकोच्या लोण्याचे सहा तऱ्हांचे स्फटिक होतात, त्यातला पाचवाच हवा असतो; तोच चमकतो आणि तोच टक् वाजतो. भाच्यानं तापाचा थर्मामीटर लावला. तापाचा थर्मामीटर पस्तीसच्या खाली काही दाखवतच नाही, कारण त्याच्या मते त्याखालच्या माणसाला उपचारांची गरज उरलेली नसते. पाचवा स्फटिक आमच्या घरी आला नाही. पहिले चार येऊन गेले असावेत.

वड्या झाल्या. त्या चमकत नव्हत्या, वाजत नव्हत्या, वाकत होत्या. पण भाच्यानं रात्री जागून सुंदर वेष्टन छापलं: 'एरंडवणे, 72 टक्के. एकाच इमारतीत भाजलेलं, पाखडलेलं आणि दळलेलं. हातानं. सूप: सदाशिव पेठ. दगड: कोइमतूर. छटा: इडली, व्हिनेगर, सुती चादर.' खाली आत्याचा फोटो, हसरा. किंमत साडेचारशे. माझा हात किंमत कमी करा म्हणून वर जाणार, तेवढ्यात माझी नजर आत्याच्या फोटोवर गेली आणि मी मुकाट्यानं पाकीट काढलं. चेअरमननी सहा वड्या घेतल्या. त्यांनी एक उघडून हुंगली आणि सांगितलं, अंजीर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टशेजारच्या फळ्यावर सोसायटीचा शिक्का मारलेली सूचना लागली. खाली त्याच चेअरमनची सही होती.

'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, रात्री दहानंतर इमारतीत नैतिक अथवा अनैतिक, कोणत्याही टक्क्यांचे चॉकलेट दळू नये. टरफले स्वतःच्याच गॅलरीत उडवावीत. चाखणी समितीच्या सभेस येणाऱ्यांनी चहा घेऊनच यावे.'